ओटिस बाहेर आला की दिवे लागतात

मंगळवार, ३ जून
प्रभुभोजनाच्या द्राक्षरसात लोणच्याचं पाणी मी घातलं, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. पण चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकन रॉबिन्सनी तो छोटा पेला तोंडाला लावल्यावर त्यांचे डोळे जे गोल फिरले, ते बघून सगळं चर्च गप्प असताना मी एकटीच बाकाखाली पडून हसत होते. मम्माला तेवढा पुरावा पुरला.

शिक्षा: अख्खा उन्हाळा चर्चच्या तळघरात. तिथे मिस अर्लीन वस्तीतल्या पाच-सहा वर्षांच्या पोरांचा वर्ग घेतात, मी त्यांच्या हाताखाली. सतरा वर्षांची मी आणि पोरांची नाकं पुसणार. त्यात माझा भाऊ ओटिसही त्याच वर्गात, म्हणजे घरी तोच आणि इथेही तोच.

मिस अर्लीन म्हणजे सिटी बसच्या जुन्या ड्रायव्हर. अर्ध्या मेम्फिसला त्यांनी कधी ना कधी बसमधून खाली उतरवलंय. मला बघून म्हणाल्या, "झनोबिया, माझ्या तळघरात लोणचं आणायचं नाही."
"कसलं लोणचं, मॅम?"
"अस्सं," म्हणाल्या आणि झाडू दिला.

लिहिणं म्हणाल तर शाळेत माझं काही खरं नाही. पण मम्माने फोन जप्त केलाय, फक्त फोटो काढायला देते. मग करू काय?

गुरुवार, ५ जून
या वर्गात रोज सकाळी एक प्रकार चालतो. दोन-दोन पोरं समोरासमोर बसतात, एकमेकांचं तोंड बघतात आणि जे दिसलं त्यातलं एक सांगतात. "छान" म्हणायचं नाही, "सुंदर" म्हणायचं नाही. आणि खायच्या वस्तूंची नावं घ्यायची नाहीत. प्रेशस नावाची पोरगी समोरच्याला म्हणाली, "तू चॉकलेटसारखा आहेस." मिस अर्लीन लगेच म्हणाल्या, "तो माणूस आहे, मेनू नाही. परत बघ." प्रेशसने डोळे बारीक केले. "तुझ्या भुवया मध्ये एकमेकींना शोधतायत." ते पोरगं दिवसभर भुवयांवर बोट फिरवत होतं.

एक पोर कमी होतं म्हणून मला ओटिससमोर बसवलं. ओटिस म्हणाला, "तुझ्या नाकाला छोटं भोक आहे." मी म्हटलं, "तुझ्या नाकाला दोन मोठी आहेत." सगळी पोरं खिदळली.

मिस अर्लीन हसल्या नाहीत. "तू बघितलंसच नाहीस त्याच्याकडे. तोंडाला जेवढी सवय आहे, तेवढी डोळ्यांना लाव."

शनिवार, ७ जून
आज मी जिंकले!

संध्याकाळी आमच्या पायऱ्यांवर खेचाखेची रंगली होती. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी: एकाने दुसऱ्याच्या आईवर, बुटांवर, डोक्यावर, कशावरही बोलायचं, मग दुसऱ्याने त्याच्यावर वरचढ. जो चिडला तो हरला. समोरचा मार्क्विस माझ्या तोडीचा आहे, म्हणजे त्याला तसं वाटतं. त्याने सुरुवात केली, "नोबी, तू एवढी काळी आहेस की तुझ्या सावलीलाच तुझी भीती वाटते." मी म्हटलं, "माझी सावली तुझ्या आईपेक्षा बारीक आहे." मग तो ओटिसकडे वळला. ओटिस माझ्या मांडीवर आईसकांडी खात बसला होता.

कुणी आपल्या माणसावर येतंय असं दिसलं की त्याच्या आधी आपणच यायचं, हा माझा नियम आहे. सातवीत असताना एका पोराने मला काहीतरी नाव ठेवलं होतं. तेव्हा मी गप्प बसले, आणि ते नाव वर्षभर चिकटलं. तेव्हापासून आधी मीच बोलते. मग दुसऱ्याकडे काही उरतच नाही.

तर मी म्हटलं, "अरे, तू काय सांगतोस! ओटिस घराबाहेर आला की रस्त्यावरचे दिवे लागतात!"

म्हणजे तो एवढा काळा की दिव्यांना वाटतं रात्र झाली. लोक अक्षरशः पायऱ्यांवरून खाली पडले. मार्क्विसने हात जोडले. पलीकडच्या गल्लीतली पोरंही म्हणायला लागली. ओटिसपण हसला. आईसकांडी सगळी माझ्या गुडघ्यावर.

शुक्रवार, १३ जून
काही घडलं नाही. नुसतं गरम. मम्मा रात्रपाळी करून आली, ओटिस दारात उभा दिसला तर सवयीने म्हणाली, "उन्हातून आत ये, आणखी काळा होशील." ती आमच्या दोघांपेक्षा बरीच उजळ आहे, आम्ही बाबांवर गेलोय.

ओटिसने आज प्रश्न विचारून डोकं खाल्लं.
"नोबी, दिवे कधी लागतात?"
"संध्याकाळी."
"मी झोपलेलो असलो तरी?"
"तू झोपलास तरच मला शांतता मिळते, एवढं माहितीये."
"पण दिवे?"
"झोप, ओटिस."

गुरुवार, १९ जून
आज आमच्या लोकांचा सुटकेचा दिवस. पूर्वीच्या पिढ्या गुलामीतून सुटल्या, त्याची सुट्टी. अख्खी गल्ली रस्त्यावर. कोळशावर बरगड्या भाजत होत्या, लाल सरबताची पिंपं भरली होती, गाणी लावली होती. सगळ्यांचे फोटो मीच काढले. नेहमी मीच काढते, मला उभं राहायला आवडत नाही, फोटोत नुसते दातच येतात.

ओटिस बाहेर आलाच नाही. सकाळी थोडा खेळला, मग खिडकीत जाऊन बसला. बरगडी नेऊन दिली तर म्हणाला, "मी इथूनच बघतो."
"पोट दुखतंय?"
"नाही."
"कुत्रं आहे का कुणाचं?"
"नाही. तुम्ही खेळा. जास्त वेळ खेळा."

मला वाटलं, काय शहाणा झालाय. रात्री परत येऊन बघते तर खिडकीतच झोपलेला, टोपीवाला जाड कोट घालून. जूनमध्ये!

शुक्रवार, २० जून
कळलं. आणि आता वाटतंय, कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे सगळ्या पोरांचा एकच कायदा: रस्त्यावरचे दिवे लागले की खेळ बंद, घरी. एवढंसं पोरसुद्धा घड्याळ बघत नाही, दिवा बघतं. मी दुकानात निघाले होते. पोरं रस्त्यात खेळत होती, ओटिस दारातून एक पाय बाहेर टाकून उभा. प्रेशस ओरडली, "ओटिस, आत जा ना! तू आलास की दिवे लागतील, मग आम्हाला घरी जावं लागेल!"

ओटिसने पाय आत घेतला. रागाने नाही. दार जसं लावतात तसा घेतला.

मी आत गेले. "ओटिस, तुला खरंच वाटतं का की…"
"तूच सांगितलंस," तो म्हणाला. "मी मोजून बघितलं. मी बाहेर थांबलो की थोड्या वेळाने लागतात. रोज."

अर्थात रोज. संध्याकाळी बाहेर थांबलं की रोजच लागतात, गाढवा. पण हे मी मोठ्याने बोलले नाही. तो कायद्याने वागत होता. सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून आत बसला होता. मी दुकानात गेले आणि काय आणायचं ते विसरून परत आले.

सोमवार, २३ जून
मार्ग सापडला. मी उगाच नोबी नाही.

दिव्याच्या खांबावर वर एक बटणासारखी चकती असते. उजेड आहे की अंधार हे तिला कळतं. तिच्यावर लेझरचा हिरवा झोत धरून ठेवला की तिला वाटतं दिवस आहे, दिवा विझतो. मागच्या वर्षी मार्क्विसच्या चुलत भावाने आम्हाला दाखवलं होतं. त्याच्याकडून लेझर उसना घेतला, बदल्यात माझे हेडफोन गेले.

संध्याकाळी दिवा लागला. पोरं "अरेरे" करत घरी निघाली. मी मार्क्विसच्या छपरावर लपले. मार्क्विसने ओटिसला हात धरून बाहेर आणलं, तसा मी झोत धरला. चकती काही सापडेना. शेवटी दिवा मालवला.

रस्त्यावर जी आरोळी उठली! "ओटिसने विझवला! ओटिसने विझवला!" पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आयांनी ओरडेपर्यंत पकडापकडी चालली. ओटिसचं तोंड मी छपरावरून बघितलं. असा हसलेला तो वाढदिवसालासुद्धा मला दिसलेला नाही.

मार्क्विस म्हणाला, "नोबी, तू देवमाणूस आहेस." मी म्हटलं, "माहितीये."

गुरुवार, २६ जून
वाट लागली.

ओटिस पोरांना घेऊन पेट्रोल पंपाकडे गेला. तिथले दिवे विझवून दाखवतो म्हणाला. विझणार कसे? हात वर करून उभा राहिला. एक लागला, दुसरा लागला, सगळे लागले. पोरं हसली. "खोटारडा! खोटारडा!" तो पळत आला, पलंगाखाली शिरला. मी पोटावर पडून त्याच्याकडे बघत होते.

"नोबी, मी आणखी काळा झालो का? म्हणून विझत नाहीत का आता?"

मी म्हटलं, "बाहेर ये, जेवायला चल."

शुक्रवार, २७ जून
तळघरात ओटिस पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि टोपी घालून आला. समोरासमोर बसवलं तर तोंड फिरवून बसला. त्याच्यासमोरच्या मुलीने विचारलं, "मी बघू कुठे? टोपी दिसतेय नुसती."

वर्ग सुटल्यावर मिस अर्लीननी मला खुर्चीत बसवलं. सगळं ओकले, लेझरसकट. मला वाटलं ओरडतील. त्यांनी नुसता चष्मा काढला.

"म्हणजे आधी तू त्याला सांगितलंस की त्याच्या रंगाने वाईट होतं. मग सांगितलंस की त्याच्या रंगाने जादू होते."
"दुसरं चांगलं होतं ना, मॅम."
"दोन्हींत ते पोर दिव्याकडेच बघतंय. स्वतःकडे बघतंय कुठे? खरं सांग त्याला."
"तो रडेल."
"रडू दे. तू कशाला घाबरतेस?"
"मी घाबरत नाही."
"बरं," म्हणाल्या. "मग आज सांग."

उद्या सांगते.

मंगळवार, १ जुलै
उद्या.

रविवार, ६ जुलै
क्रमाने लिहिते.

काल चर्चची सहल होती, नदीकाठच्या बागेत. गायकवृंदाचे झगे, खुर्च्या, बर्फाच्या पेट्या सगळं चर्चच्या व्हॅनमधून आणलं. ऊन एवढं की व्हॅनचा पत्रा हाताला चटका देत होता. मिस अर्लीन माइकवरून म्हणाल्या, "पोरांनो, दिवे लागेपर्यंत खेळा!" सगळी ओरडली.

मी बटाट्याच्या सॅलडपाशी होते. डीकन रॉबिन्सच्या ताटलीत तिखट सॉस लपवायचा प्लॅन होता. ओटिस आला, घामाने निथळत, टोपीसकट.
"नोबी, बंद व्हॅनमध्ये असलो तर दिव्याला मी दिसेन का?"
"नाही दिसणार. जा आता, मला काम आहे."
"नक्की?"
"नक्की रे बाबा!"

जेवणाच्या वेळी मम्मा म्हणाली, "ओटिस कुठाय?" मला वाटलं झोपाळ्यावर असेल. नव्हता. नदीकडे मोठी माणसं धावली. मम्मा नदीच्या दिशेने त्याचं नाव घेऊन ओरडत होती, आणि तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. मीपण ओरडत पळत होते, आणि अचानक माझे पाय थांबले. नक्की रे बाबा.

मी उलटी पळाले. व्हॅनचं मागचं दार ओढलं. तोंडावर भट्टीसारखी वाफ आली. आतमध्ये गायकवृंदाचे जांभळे झगे पसरलेले, आणि त्यांच्या खाली एक बूट.

मी त्याला ओढून बाहेर काढलं. अंग कोरडं, कढत. डोळे अर्धे. मिस अर्लीननी कुठून बर्फाची पेटी उचलून आणली देव जाणे, सगळी त्याच्यावर ओतली. शर्ट फाडला. मम्मा त्याची मान धरून "ओटिस, ओटिस" करत होती. डीकन रॉबिन्स ॲम्ब्युलन्सला फोनवर ओरडत होते.

ओटिसचे ओठ हलले. मी कान लावला.

"दिवे लागले का?"

"नाही रे. नाही लागले."

"मग खेळ ना," तो म्हणाला.

रात्री हॉस्पिटलमध्ये सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाल्या, वाचला, वेळेत सापडला. बाहेर बाकावर मी मम्माला सगळं सांगितलं. दिवे, विनोद, लेझर, व्हॅन. मारेल असं वाटलं. तिने मारलं नाही. म्हणाली, "आणि मी रोज म्हणत होते, उन्हातून आत ये."

बुधवार, ९ जुलै
ओटिस घरी आहे. आज सांगितलं. लिहिते जसं झालं तसं.

संध्याकाळी दोघं खिडकीपाशी बसलो, पडदा बंद. म्हटलं, आपण आतच राहू, आपण दिव्याला दिसत नाही, तरी लागतो का बघू. तो मुठी आवळून बसला. दिवा लागला.

"मी तर आत आहे," ओटिस म्हणाला.
"हो. त्याला वर एक डोळा आहे. त्याला फक्त सूर्य कळतो. तू कळत नाहीस, मी कळत नाही, राष्ट्राध्यक्षसुद्धा कळत नाही."
"मग त्या दिवशी विझला तो?"
"मी छपरावरून लेझर मारला."
"मग आधी का म्हणालीस तसं?"
"सगळे हसावेत म्हणून."

तो विचार करत होता. "मी पण हसलो होतो."
"हो."
"मला कळलं नव्हतं. सगळे हसले म्हणून हसलो."
"माझं चुकलं, ओटिस."
"तुला पण म्हणाला ना मार्क्विस. सावलीचं. तू पण हसली होतीस."

मी उठून पाणी प्यायला गेले. दोन ग्लास प्याले.

मी म्हटलं होतं तसंच झालं, तो रडला. पण जरासाच. मग म्हणाला उद्या पण बघू, खात्री करायला. उद्या बाहेर उभं राहून बघायचं, परवा परत आतून. त्याला वाटतं मी अजून खोटं बोलत असेन. बरोबरच आहे त्याचं.

शुक्रवार, १८ जुलै
ओटिस तळघरात परत आला. टोपी नाही. मिस अर्लीननी काही विशेष केलं नाही, "या साहेब, उशीर झाला" एवढंच. समोरासमोर बसायच्या वेळी तो सरळ माझ्यासमोर येऊन बसला.

बघत राहिला. फार वेळ. मला सवय नाही कुणी असं बघायची. तोंडात तीन-चार गोष्टी आल्या, सगळ्या हसायच्या. गिळल्या.

"नोबीच्या कपाळावर उजेड बसतो," ओटिस म्हणाला. "सरकत नाही. प्रेशसच्या कपाळावर एवढा बसत नाही. माझ्या बसतो. मी आरशात बघितलं."

प्रेशसने लगेच स्वतःचं कपाळ पुसलं. मिस अर्लीन म्हणाल्या, "झनोबिया, आता तू."

मी बघितलं. खरंच बघितलं. त्याच्या डोळ्यांच्या कडेला पापण्या उलट्या वळलेल्या आहेत, बाबांच्या वळायच्या तशा. पाच वर्षांत मला दिसल्या नव्हत्या. सांगितलं. मग शिंका यायला लागल्या म्हणून बाहेर जाऊन उभी राहिले. तळघरात धूळ फार आहे.

शनिवार, २६ जुलै
मम्मा सकाळी कामावरून आली, ओटिसला दारात बघून तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "जा बाहेर, ऊन छान पडलंय." तिला बोलायला जड गेलं, पण बोलली.

संध्याकाळी पायऱ्यांवर गर्दी. मार्क्विसचा शिकागोचा आतेभाऊ आलाय, डॅरिल, आमच्या वयाचा. त्याला जुनी गोष्ट कुणीतरी ऐकवली असणार. ओटिस कोपऱ्यावरून सायकल ओढत येत होता, आणि नेमका तेव्हाच खांबावरचा दिवा लागला.

"आला बघा!" डॅरिल ओरडला. "ओटिस आला, दिवे लागले!"

कुणीतरी हसलं. मार्क्विसने माझ्याकडे बघितलं. सगळेच बघत होते. माझ्या जिभेवर डॅरिलसाठी असं काही होतं की तो रात्रीची बस पकडून शिकागोला गेला असता. मी उठले. पण ओटिसने सायकल आडवी टाकली आणि डॅरिलच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. त्याच्या कमरेएवढा. मान पूर्ण वर करून त्याच्याकडे बघत होता.

"मग?" ओटिस म्हणाला. "मी दिसावा म्हणून दिवे लावतात. तुझ्यासाठी कोण लावतंय?"

मार्क्विस पायऱ्यांवरून खाली पडला. अख्खी गल्ली ओरडली. डॅरिलने हात जोडले. प्रेशस नाचत होती.

ओटिस वर येऊन माझ्या शेजारी बसला. छाती धडधडत होती त्याची, माझ्या दंडाला लागत होती. माझ्या कानाशी आला.

"नोबी, खरं नाहीये हां ते. दिव्याला फक्त सूर्य कळतो. मी त्याची खेचली."
"माहितीये," मी म्हटलं.

मम्मा दारात फोन घेऊन आली. मी सवयीने घ्यायला हात पुढे केला. "तू नाही," ती म्हणाली, "तू बस तिथेच." ओटिसने माझा हात धरून दिव्याखाली ओढलं.

फोटो नंतर बघितला. उजळ करायचं बटण आहे त्यात, दाबलं नाही. दोघांच्या कपाळावर दिवा बसलाय.